रे रोड स्थानक: हार्बर मार्गावर मुद्दाम उतरून पाहावे असे

हार्बर मार्गाने रोज ये-जा करणाऱ्या बहुतेकांनी ‘पुढील स्टेशन रे रोड’ ही घोषणा वर्षानुवर्षे ऐकलेली असते, पण त्या फलाटावर पाय ठेवण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा आलेला नसतो. डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधल्या या स्थानकात गाडी थांबते, मोजकी माणसे उतरतात, त्याहून मोजकी चढतात आणि गाडी पुढे निघते. मुंबईच्या लोकल व्यवस्थेत ‘शांत’ हे विशेषण जपूनच वापरावे लागते. तरीही सकाळ-संध्याकाळची कामगारांची वर्दळ सोडली तर ते या स्थानकाला शोभते. प्रस्तुत परीक्षण दोन अंगांनी केले आहे. प्रवासाची सोय म्हणून रे रोड कसे आहे हा पहिला प्रश्न, आणि शतक ओलांडलेली एक वास्तू म्हणून ते मुद्दाम पाहायला जावे काय हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘ठीक’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळच उत्साहवर्धक आहे, पण अट अशी की जाणाऱ्याने इतिहास थोडा वाचून जावे, कारण तो ठाऊक नसेल तर या जागेत पाहण्यासारखे काय आहे हे कळणे कठीण आहे.

रे रोड हे मुळात बंदराचे स्थानक आहे, आणि त्याचे स्थान, त्याचा आकार व आजची त्याची निवांत अवस्था या तिन्ही गोष्टींचे कारण बंदरातच शोधावे लागते. मुंबईत पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ साली झाली आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक वापरात आला. जहाजांना लागण्यासाठी धक्के तयार होत गेले, तसा उतरलेला माल ठेवायचा कोठे आणि देशात पाठवायचा कसा हा प्रश्न बिकट होत गेला. कापूस, धान्य, कोळसा आणि इमारती लाकूड यांना प्रचंड जागा लागते, आणि फोर्ट व मांडवीच्या दाट वस्तीत ती मिळणे शक्य नव्हते. म्हणून पोर्ट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव ते शिवडी या पट्ट्यात समुद्र हटवून नवी जमीन तयार केली. कापसाचा बाजार कुलाब्याहून याच पट्ट्यात आला, त्याची आठवण शेजारच्या कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावात राहिली आहे. कोळसा बंदर, लकडी बंदर, ‘हे’ (म्हणजे गवत) बंदर ही नावेही आजतागायत टिकून आहेत, आणि कोणता माल कोठे उतरत होता हे सांगायला तेवढी पुरेशी आहेत.

या नव्या जमिनीला मुख्य मार्गाशी जोडण्याची निकड होती. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा ठाण्याकडे जाणारा मूळ मार्ग भायखळा, परळ, दादर असा शहराच्या मधून जातो. पूर्वेचा किनारा त्याच्यापासून दूरच राहिला होता. तेव्हा कंपनीने कुर्ल्याहून एक शाखा काढली, ती वडाळा आणि शिवडीच्या बाजूने किनाऱ्याकडे आणली आणि रे रोडला संपवली. ही शाखा १९१०च्या डिसेंबरात सुरू झाली. आज हार्बर मार्गाचा नकाशा पाहताना आपण तो बोरीबंदरापासून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, वाचतो आणि त्यामुळे रे रोड आपल्याला मधलेच एक स्थानक वाटते. प्रत्यक्षात ते बोरीबंदरकडून आलेलेच नाही. सुमारे चौदा वर्षे ते उत्तरेकडून येणाऱ्या शाखेचे शेवटचे स्थानक होते. एरवी एवढ्याशा स्थानकाला जरा जास्तच भारदस्त वाटणारे बांधकाम इथे का आहे, याचा उलगडा बहुधा यातूनच होतो.

त्या बांधकामाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण परीक्षणाचा खरा विषय तोच आहे. रे रोडच्या इमारतीचा समावेश मुंबईच्या वारसा वास्तूंच्या यादीत आहे, ही गोष्ट तिथून रोज जाणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा गॉथिक थाट, मनोरे, कोरीव मोर आणि व्याघ्रमुखे डोळ्यांपुढे ठेवून कोणी इथे आला तर त्याचा हिरमोड होईल. इथली श्रीमंती वेगळ्या जातीची आहे. दगडी भिंती, ओतीव लोखंडाचे खांब आणि छताचा भार पेलणारे नक्षीदार लोखंडी आधार, एवढाच हा ऐवज. पण एखादे छप्पर नुसते उभे करायचे असते तर साध्या तुळयांनीही भागले असते. मालगाड्या आणि गोदी कामगार यांच्यासाठी बांधलेल्या स्थानकाच्या आधारांनाही वळण द्यावे असे त्या काळच्या अभियंत्याला वाटले, हे मला त्यातले सर्वांत लक्षणीय वाटते. ऑइलपेंटचे थरावर थर चढल्याने अशा जुन्या लोखंडावरचे बारीक काम बोथट होत जाते, त्यामुळे खांबांकडे लांबून पाहण्यापेक्षा फलाटावर उभे राहून वर मान करून पाहणे इष्ट. फलाटावर जायला तिकीट लागते हे सांगणे अनावश्यक आहे, पण ‘फक्त पाहायला आलो होतो’ हे कारण तिकीट तपासनिसापुढे चालत नाही.

या स्थानकाची तुलना करायचीच झाली तर ती भायखळ्याशी करावी, बोरीबंदरशी नको. भायखळा हे मुंबईच्या पहिल्या पिढीतले स्थानक. तिथली दगडी इमारत १८५७ सालची. अलीकडे खासगी निधीतून तिचे जतनकाम झाले, थरांखाली दडलेले मूळ रूप बाहेर आले आणि २०२२ साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. तेथे रोजची प्रचंड गर्दी चालू ठेवून हे काम पार पडले. रे रोडला गर्दी कमी, इमारत लहान आणि काम त्या मानाने सोपे. तेव्हा भायखळ्यात जे साधले ते इथे साधू नये असे काही मला दिसत नाही.

रे रोडचे शेवटचे स्थानकपण संपले ते एका मोठ्या घटनेने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून, म्हणजे बोरीबंदरहूनच, हार्बर मार्गे कुर्ल्यापर्यंत विजेवर चालणारी गाडी धावली. भारतातली ती पहिली विद्युत प्रवासी गाडी. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या गाडीसाठी रे रोड आणि बोरीबंदर यांच्यातले तुटलेले अंतर जोडणे भाग होते, आणि मधली वस्ती इतकी दाट होती की रूळ जमिनीवरून नेण्याची सोय नव्हती. म्हणून मशीदच्या पुढे मार्ग वर चढवला, सँडहर्स्ट रोडला तो मुख्य मार्गाच्या डोक्यावरून नेला, डॉकयार्ड रोडपर्यंत उंचावरच ठेवला आणि मग रे रोडच्या बाजूला खाली उतरवला. सँडहर्स्ट रोडला आजही मुख्य मार्गाचे फलाट खाली आणि हार्बरचे वर आहेत, ते याच कारणाने.

अशा चढ-उतारांच्या, मिनिटा-दोन मिनिटांनी थांबे असणाऱ्या आणि दुतर्फा घरांच्या खिडक्या असणाऱ्या मार्गावर वाफेचे इंजिन चालवणे गैरसोयीचेच होते. प्रत्येक थांब्यानंतर वेग घ्यायला त्याला वेळ लागतो, टर्मिनसला पोचल्यावर ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन जोडावे लागते आणि धूर तर सगळ्यांच्याच वाट्याला येतो. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. गाडी आली तशी परत फिरते. पहिल्या गाड्यांचे डबे इंग्लंडमधील कॅमेल लेअर्ड आणि जर्मनीतील उर्डिंगन येथील कारखान्यांत तयार झाले होते आणि वीजदाब १५०० व्होल्ट डीसी होता. हीच पद्धत हार्बरवर एप्रिल २०१६ पर्यंत चालली. त्यानंतर मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हार्बरवर बारा डब्यांची पहिली लोकल धावली. मुंबईच्या लोकलचा इतिहास सांगताना चर्चगेट-बोरिवलीचे आणि कल्याणचे कौतुक जास्त होते, पण विजेचा प्रयोग आधी झाला तो या दुर्लक्षित मार्गावर, आणि रे रोडच्या फलाटांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला. चर्चगेटच्या बाजूला वीज यायला १९२८ साल उजाडले.

आता नावाविषयी. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. स्कॉटलंडमधल्या मॅके घराण्याचे हे वारस जन्माने हेगचे, म्हणजे हॉलंडचे. मराठी वाचकाला त्यांची आठवण दोन प्रकरणांसाठी असायला हवी. पुण्याच्या नगरपालिकेने शुक्रवार पेठेत जी भव्य मंडई बांधली तिला ‘रे मार्केट’ असे त्यांचेच नाव देण्यात आले. एवढा खर्च मंडईवर करण्यापेक्षा तो शिक्षणावर करावा असे म्हणून नगरपालिकेत ज्यांनी विरोध नोंदवला त्या अगदी थोड्या सभासदांत जोतीराव फुले होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. दुसरे प्रकरण क्रॉफर्ड यांचे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून गाजलेले आर्थर क्रॉफर्ड पुढे विभागीय आयुक्त असताना लाचलुचपतीच्या आरोपांत सापडले आणि १८८८ साली लॉर्ड रे यांच्या सरकारने त्यांची चौकशी लावली. ज्या मामलेदारांनी अभय मिळाल्याच्या भरवशावर साक्षी दिल्या, त्यांच्यावरच नंतर गदा आली तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. गंमत अशी की मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटचेही अधिकृत नाव आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. चौकशी लावणारा आणि चौकशीत सापडलेला अशा दोघांच्याही नावांच्या मंडया शेवटी एकाच माणसाच्या नावावर झाल्या, आणि तो माणूस अशा खर्चाला विरोध करणारा होता.

मुंबईत मात्र लॉर्ड रे स्थानकाच्या पाटीवर टिकून आहेत. बाहेरच्या रस्त्याला केव्हाच बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव दिले गेले आहे. कोकणातून लोकसभेवर निवडून जाणाऱ्या त्या समाजवादी नेत्याचे नाव या कामगार वस्तीत शोभतेही. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील काही स्थानकांची इंग्रजी वळणाची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यात रे रोडचे दोन्ही शेजारी आहेत: डॉकयार्ड रोडसाठी माझगाव आणि कॉटन ग्रीनसाठी काळाचौकी. माझगाव हे नाव मला मनापासून पटते, कारण ते गाव स्थानकाच्या शेकडो वर्षे आधीचे आहे. कॉटन ग्रीनबाबत मन थोडे कचरते. ते नाव गेले की या पट्ट्यात कापसाचा बाजार होता हे सांगणारी रोजच्या वापरातली एक खूण कमी होईल.

स्थानकाच्या पूर्वेला दारूखाना आहे, आणि रे रोडला उतरणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच कामाला जातात. जुनी जहाजे तोडणे, त्यांचे पत्रे, साखळ्या, नांगर, पाइप आणि यंत्रांचे भाग वेगळे करणे आणि ते विकणे हा इथला व्यवसाय. गॅस कटरच्या ठिणग्या, ट्रकमध्ये चढणारे पत्रे आणि हमालांच्या आरोळ्या यांचा हा परिसर स्थानकाच्या शांततेपासून अगदी थोड्या पावलांवर आहे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ साली सेवानिवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईच्या समुद्रात उभी राहिली आणि शेवटी लिलावात विकली जाऊन २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यातच तिच्यावर हातोडा पडू लागला. तिच्या पोलादाचा काही भाग वापरून बजाज कंपनीने पुढे ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली. हा परिसर पाहायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ते कामाचे ठिकाण आहे, प्रदर्शन नव्हे. पायात मजबूत बूट असावेत, कामगारांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत आणि बंदराच्या हद्दीत जिथे मज्जाव आहे तिथे हुज्जत घालू नये.

एके काळी इतक्या कामाचे असलेले हे स्थानक निवांत का झाले याचे उत्तर स्थानकात सापडत नाही, ते किनाऱ्यावर आणि गिरणगावात सापडते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काळाचौकी, घोडपदेव, लालबाग या बाजूच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि कापसाच्या गोदामांचे प्रयोजनच हळूहळू सरले. त्याच दशकात मालाची वाहतूक पोत्यां-गाठींतून कंटेनरमध्ये गेली. कंटेनरला खोल पाणी, मोठी क्रेन आणि मोकळे आवार लागते. ते खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला होते, आणि १९८९ साली तिथले जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. गोदीत माल उतरवायला जिथे माणसांच्या टोळ्या लागत तिथे आता एक यंत्र आणि ते चालवणारा एक जण पुरतो. हार्बर मार्ग मात्र त्याच काळात वाढत होता: १९५१ साली तो मानखुर्दला पोचला होता, १९९२ साली खाडी ओलांडून वाशीला गेला आणि पुढे पनवेलपर्यंत. परिणाम असा झाला की गाड्या वाढत गेल्या, भरत गेल्या आणि ज्या स्थानकासाठी हा मार्ग मुळात काढला होता त्याच्यावरून माणसांना घेऊन पुढे जाऊ लागल्या.

प्रवासाची सोय म्हणून पाहता याचा फायदा आज रे रोडच्या प्रवाशाला मिळतो. हार्बरवर जलद आणि धिमी असा भेद नाही. दोनच रूळ असल्यामुळे बोरीबंदरहून सुटणारी हार्बरची प्रत्येक लोकल इथे थांबते. त्यामुळे एवढ्याशा स्थानकातून पनवेलला, वाशी-बेलापूरला आणि वडाळ्याला फुटणाऱ्या फाट्यावरून वांद्रे-गोरेगावला थेट गाडी मिळते. मुख्य मार्गावरच्या करी रोड किंवा चिंचपोकळीच्या प्रवाशाला जलद गाड्या समोरून निघून जाताना पाहत उभे राहावे लागते, तसे इथे नाही. बोरीबंदर तर अवघे पाचेक किलोमीटर, आणि द्वितीय श्रेणीचे किमान भाडे पाच रुपये. एवढ्या पैशांत कटिंग चहाही मिळत नाही. संध्याकाळी पनवेलकडे जाणारी गाडी मात्र इथे पोचेपर्यंत गच्च भरलेली असते, आणि बसायला जागा मिळवण्यासाठी इथले प्रवासी आधी उलट दिशेने बोरीबंदरला जाऊन तीच गाडी पकडतात ती काही हौस म्हणून नव्हे.

उणे आहे ते स्थानकाबाहेर. रस्ता ट्रक, टेम्पो आणि हातगाड्यांचा आहे, आणि चालणाऱ्याला त्यात शेवटचे स्थान आहे. रुळांवरून जाणाऱ्या जुन्या ब्रिटिशकालीन पुलाच्या जागी केबलवर तोललेला नवा पूल मे २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला; वाहनांची कोंडी फोडण्यासाठी तो हवाच होता आणि दिसायलाही देखणा आहे. मात्र त्याचा लाभ प्रामुख्याने वाहनांना आहे. रात्री उशिरा, गोदामे बंद झाल्यावर, हा परिसर फारच निर्मनुष्य होतो. नवख्याने, विशेषतः एकट्याने जाणाऱ्याने, काम उरकून दिवसाउजेडी परतावे.

माझी शिफारस अशी: वास्तू, रेल्वे किंवा मुंबईच्या कामगार इतिहासात रस असणाऱ्याने अर्धा दिवस काढून इथे यावे आणि केवळ एका स्थानकासाठी येऊ नये. सँडहर्स्ट रोडला वरच्या फलाटावर उतरून दुमजली रचना पाहावी, पुढच्या गाडीने डॉकयार्ड रोडला जाऊन माझगावच्या टेकडीवरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानातून गोदी नजरेखाली घालावी आणि मग रे रोडला यावे. म्हणजे १९२५ साली रूळ का वर चढले आणि कोठे खाली उतरले हे पायांनाच कळते. हिवाळ्यात आणखी दोन स्थानके पुढे शिवडीला रोहित पक्षीही पाहता येतात. जायचे ते कामाच्या दिवशी, सकाळची गर्दी ओसरल्यावर. रविवारी दारूखाना बंद असतो, शिवाय हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर भर दुपारी वडाळा-बोरीबंदर गाड्याच नसतात. तेव्हा रविवारखेरीज सवड नसेल तर आदल्या दिवशी वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडावे.